दर्याचा हात

मला आयुष्यात पहिल्यांदा दोरीने बांधलं ते एका टॅक्सीवाल्याने, भर पनवेलच्या स्टँडवर, दिवसाढवळ्या, चारचौघांच्या देखत.

मी साताऱ्याकडची. नेमणुकीचा कागद घेऊन खाडीकाठच्या शाळेत रुजू व्हायला निघाले होते. उलव्याच्या बाजूला जाणारी एकच टॅक्सी आहे आणि ती सारंगांची, एवढंच स्टँडवर कळलं होतं. मागच्या सीटवर बसले, पिशवी मांडीवर घेतली, तोच पांढऱ्या मिशांचे, खाकी अर्ध्या चड्डीतले एक म्हातारे गृहस्थ माझ्या पोटावरून जाडजूड दोरी फिरवायला लागले. मी आता किंचाळणार, एवढ्यात शेजारी मासळीची रिकामी टोपली पायाशी घेऊन बसलेल्या बाईने माझा हात दाबला.

"बांदून घे गो बाय. मना पन बांदलाय," ती म्हणाली आणि पदर बाजूला करून तिने आपली गाठ दाखवली.

ही हिराबाय. पहाटे पनवेलला मासळी आणायची आणि विकून झाली की शाळेच्या वेळेला गावी परतायची. मी पनवेललाच खोली घेऊन राहिले, आणि पुढची काही वर्षं रोज सकाळी तिच्याच दोरीत बांधलेली असे. ती दोरी हिराबायच्या कमरेवरून माझ्या कमरेला, तिथून पुढे बसलेल्या उतारूला आणि शेवटी सारंगांच्या स्वतःच्या कमरेला. सगळी गाडी एका दोरीत ओवलेली. एकाला शिंक आली तर बाकीच्यांना झटका बसायचा.

"सगल्यांना एकच दोरी कशाला?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. त्या बोलीची तोवर माझ्या जिभेला चटक लागली होती.

"तुमी आपटलात की मना कललं पायजे," सारंग म्हणाले. "नायतर चालवनाऱ्याला काय? त्याला धरायला सुकानू हाय."

स्टिअरिंगला ते सुकाणू म्हणायचे. सगळा जन्म त्यांनी लाँचवर काढला होता. भाऊच्या धक्क्यावरून आमच्या खाड्यांत येणाऱ्या उतारूंच्या लाँचवर ते सारंग, म्हणजे लाँचचा सगळा कारभार त्यांच्या हाती. वय झालं म्हणून मालकाने घरी बसवलं, तर यांनी एका पारशी डॉक्टरची जुनी विलायती मोटार घेतली, रीतसर परवाना काढला, छातीवर टॅक्सीवाल्याचा पितळी बिल्ला लावला आणि पाणी सोडून मातीवर आले. नवी मुंबई हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पनवेल सोडलं की भातखाचरं, मिठागरं आणि खाडीचं पाणी अडवणारे बांध. त्यातल्याच एका बांधावरून आमचा रस्ता जायचा. दोन गाड्या एकमेकींना कशाबशा घासून जातील एवढाच रुंद, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठाचे वाफे.

त्या मोटारीची त्यांनी निम्मी लाँच करून टाकली होती. हॉर्न काढून लाँचची घंटा बसवली होती. म्हणायचे, भोंगा माणसावर ओरडतो, घंटा त्याला सांगते. डाव्या दिव्याशेजारी लाँचवरच्या दिव्यासारखा लाल डबा, उजव्या दिव्याशेजारी हिरवा. टपावर ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब, गाडी खाडीत गेलीच तर धरायला. आणि मागच्या सीटवरच्या एकाने कायम मागे तोंड करून बसायचं, मागून काय येतंय ते सांगायला. हे काम बहुतेक वेळा माझ्याकडे असे. मी निम्मा रायगड, म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा, उलटा पाहिलेला आहे.

एवढं सगळं करणाऱ्या माणसाच्या गाडीत एकही पाटी नव्हती, याचं मला नवल वाटे. धूम्रपान करू नये नाही, हात बाहेर काढू नये नाही, काही नाही. विचारलं तर त्यांनी लाँचची गोष्ट सांगितली. लाँचवर 'येथे थुंकू नये' अशी पाटी होती आणि लोक नेमके त्या पाटीखाली थुंकायचे. पुढे खाऱ्या हवेने पाटी कुजली आणि पडली. मालकाला नवी करायला सवड झाली नाही. तेव्हापासून लोक समुद्रात थुंकायला लागले.

"पाटी नसली की मानूस शाना होतो, असं म्हणता?" मी विचारलं.

"तसा बी नाय ना," ते म्हणाले. "तोच तर मना इचार पडलाय."

त्यांना खरोखरच विचार पडलेला असायचा. बाकीचे टॅक्सीवाले उतारू, पाऊस आणि पेट्रोल यावर बोलायचे. सारंगांचं एकच पालुपद. माणूस नीट वागतो तो कशाने? भीतीने, नियमाने, की आपला आपण? याचा त्यांनी असा काही ध्यास घेतला होता की मधूनमधून ते आमच्यावर प्रयोगही करायचे.

एकदा स्टँडवरून निघताना तोंड बारीक करून म्हणाले, "आज ब्रेक जरा ढिला हाय हां." झालं. एरवी गाडी सुरू होताच हिराबायचं तोंड सुरू व्हायचं, पुढचा उतारू पेंगायचा, मी उत्तरपत्रिका काढायचे. त्या दिवशी सगळे ताठ. बैल दिसला की तिघे एका सुरात "बैल, बैल!" हिराबायने तर वाटेतल्या कोंबडीलाही हाकललं. गावात उतरल्यावर सारंगांनी ब्रेक दाबून दाखवला, एकदम सणसणीत.

"ब्रेक चांगला हाय. पन आज किती शानी झालात सगली!"

हिराबायने त्यांना अशा शिव्या घातल्या की मी दप्तर उचलून शाळेत पळाले. सारंग मात्र खुशीत मिशा कुरवाळत उभे होते. नंतर मला म्हणाले, ब्रेक चांगला असला की पाय जड पडतो, हे मला ठाऊक होतं. पण पाठीमागे बसलेल्यांचाही पाय जड पडतो, हे आज कळलं.

त्यांच्या नादाने मीही बिघडले. माझ्या वर्गात भिंतीवर नियमांचा मोठा तक्ता होता, आधीच्या गुरुजींनी लावलेला. एका सकाळी मी तो उतरवला आणि मुलांना सांगितलं, आज कुठलाच नियम नाही. मुलांनी शाळा डोक्यावर घेतली. शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात येऊन उभे राहिले, माझ्याकडे पाहून मान हलवून गेले.

संध्याकाळी परतताना मी हे सारंगांना सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पूर्ण मागे वळून बसले.

"मंग?"

"मग काय, तासभर धुडगूस."

"मंग?"

"मग दमली सगळी. आणि एक मुलगी उठून म्हणाली, बाई, आता शिकवा ना."

सारंगांनी इतक्या जोरात घंटा वाजवली की वाफ्यातले बगळे उडाले. मला वाटलं, म्हाताऱ्याला आपलं उत्तर सापडलं. पण गाडी सुरू करता करता त्यांचा चेहरा उतरला.

"पन बाय, तो तासभर कोनी सोसायचा? शालेत तास मिलतो. दर्यावर नाय मिलत. समोरून लाँच आली त तुना कोन तासभर देतो?"

मी पुन्हा मागे तोंड करून बसले.

आता त्यांची खरी विक्षिप्त गोष्ट सांगते, जिच्यासाठी ते सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होते. समोरून कुठलंही वाहन दिसलं, मग ती बैलगाडी का असेना, की सारंग लांबूनच गाडी डाव्या कडेला घेत, थांबवत, इंजिन बंद करत आणि दोन्ही हात सुकाणूवरून उचलून खांद्यापर्यंत वर धरत. पोलिसाने बंदूक रोखल्यावर माणूस धरेल तसे. समोरचा निघून गेला की हात खाली आणि गाडी चालू.

लोकांनी याचे नाना अर्थ लावले होते. कुणी म्हणे म्हातारा घाबरट, कुणी म्हणे नवस आहे. आमचे गुरुजी म्हणत, ही नम्रता आहे, मुलांना सांगण्याजोगी. पण परिणाम असा झाला होता की समोरचेही आपोआप सावकाश यायचे. सुकाणू सोडून हात वर करून बसलेल्या माणसाला कोण धडकणार? बैलगाडीवाले रामराम करून जायचे. मिठाचे ट्रक बांधाच्या मधोमध, पण हळूहळू जायचे. बांधावर पाटी नव्हती, शिपाई नव्हता, आणि कधी ओरखडासुद्धा उठला नव्हता.

मग मिठागराच्या एका नव्या ट्रकमालकाने तक्रार केली. टॅक्सी रस्त्यात उभी राहते, आमच्या खेपा खोळंबतात, चालकाला गाडी चालवता येते की नाही ते बघा. मोटार खात्याकडून निरोप आला. इन्स्पेक्टरसाहेब येतील, गाडीत बसून बघतील. नापास झालात तर बिल्ला परत करायचा.

त्या दिवशी सारंगांनी घंटा एकदाही वाजवली नाही. त्यांची बायको कधीच गेली होती. मुलं मुंबईला गिरणीत. मासेमारीला जायचं वय उरलं नव्हतं.

"हातात सुकानू नसला त मी कोन, बाय?" ते मला म्हणाले. "नुसता म्हातारा."

"अहो, पण मग थांबू नका ना," मी म्हटलं. "एवढी वर्षं चालवता. डाव्या बाजूने सरळ निघून जायचं, त्यात काय?"

ते मला शाळेच्या मैदानात घेऊन गेले. मुलं घरी गेली होती. मला एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेले.

"माज्यावर चालून ये. बिगी बिगी. आनि जवल आलीस की बाजू दे."

मी झपझप निघाले, ते समोरून. जवळ आल्यावर मी डावीकडे सरले आणि थेट त्यांच्या छातीवर आदळले. पुन्हा केलं, पुन्हा आदळले. ते दर वेळी आपल्या उजवीकडे सरत होते, म्हणजे नेमके माझ्या पुढ्यात.

"दर्यावरचा नियम हाय," कपाळ चोळत ते म्हणाले. "दोन लाँची समोरासमोर आल्या की दोगांनी उजवा घ्यायचा. जमिनीवर डावा. मना ठाव हाय डावा. वेल असला की आठवतो. पन एकदम कोन आंगावर आला की डोक्याला इचारायच्या आत हात उजवा मारतो. हात दर्याचा हाय, बाय. म्हनून मी हातच काडून घेतो."

मी तिथेच मैदानात खाली बसले. ना घाबरटपणा, ना नवस, ना नम्रता. या माणसाला स्वतःच्या हातांचा भरवसा नव्हता, आणि कुणी न सांगता त्याने स्वतःपुरता एक नियम करून तो वर्षानुवर्षं पाळला होता. लोक हसत होते तरी पाळला होता. आणि परीक्षेत नेमका तोच मोडायला लागणार होता.

"साहेबांना सांगा की हे," मी म्हटलं.

"सांगितला त बिल्ला गेलाच ना."

इन्स्पेक्टरसाहेब आले ते तरुण, इस्त्रीच्या कपड्यातले आणि खरं सांगायचं तर सज्जन गृहस्थ. घंटा, लाल-हिरवे डबे, टपावरची ट्यूब सगळं त्यांनी आवडीने पाहिलं. ते पुढे सारंगांच्या डाव्या हाताला बसले. शाळेला सुट्टी होती, म्हणून हिराबाय आणि मी सोबतीला मागे, बांधलेल्या, मीही पुढे तोंड करून.

"सायेब, तू पन बांदून घे," सारंग म्हणाले. त्यांच्या बोलीत तुम्ही फारसं नव्हतंच.

"नको नको," साहेब हसले. "मी सरकारी कामावर आहे."

सारंगांनी गाडी अशी काही चालवली की साहेब मान डोलवू लागले. वळणावर हात, चढावर गिअर, गुरांपाशी घंटा. मग बांध आला. आणि बांधाच्या पलीकडच्या टोकाला मिठाचा ट्रक दिसला.

तो ट्रक धर्मा चालवायचा. धर्मा म्हणजे सारंगांच्या लाँचवरचा सुकाणी. पोरवयात त्यांच्याकडे आला, सुकाणू धरायला त्यांनीच शिकवलं. लाँच समोर आली की उजवा, हे त्यांनी त्याच्या गालावर मारून मारून शिकवलं होतं. ते दोघेही हसत सांगायचे.

सवयीप्रमाणे सारंगांनी गाडी कडेला घेतली आणि हात वर केले.

"हे नाही चालायचं," साहेब म्हणाले. "याच्यासाठीच तर मी आलोय. चालू ठेवा. डावी बाजू धरा आणि सरळ निघा."

"मना थांबू दे, सायेब."

"अहो, रस्ता आहे, नियम आहे. तुम्ही तुमच्या बाजूने, तो त्याच्या बाजूने. घाबरायचं काय?"

सारंगांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं की गप्प राहायला, हे मला त्या क्षणी कळलं नाही. त्यांनी इंजिन सुरू केलं.

"डावा, डावा, डावा," ते पुटपुटत होते. शेजारी हिराबायही पुटपुटायला लागली. काय चाललंय हे तिला ठाऊक नव्हतं, पण देवाचं काहीतरी असावं असं तिने धरलं.

आणि ट्रक मधोमध येत होता. येणारच. सारंगांची गाडी दिसली, म्हणजे ती उभी असणार, आपण मधून जायचं, हे धर्माला पाठ होतं. गाडी चालते आहे हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा ती त्याच्या तोंडावर होती. मला ट्रकची जाळी दिसली, तिच्या मागे धर्माचा वासलेला जबडा दिसला आणि त्याच क्षणी आमची गाडी उजवीकडे फिरली.

मी डोळे मिटले. दोरी पोटात रुतली. हिराबाय माझ्यावर आली, मी दारावर गेले. आणि कशावर काहीच आदळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा गाडी बांधाच्या उजव्या कडेला, एक चाक मिठाच्या वाफ्यावर, उभी होती. ट्रक आमच्या डाव्या अंगाने निघून पलीकडे खाडीच्या कडेला थांबला होता. जाताना इतक्या जवळून गेला होता की साहेबांच्या बाहीला मीठ लागलं होतं. सारंगांचा हात उजवा गेला, तसा धर्माचाही उजवाच गेला होता. बांधावर दोन लाँची एकमेकींना बाजू देऊन गेल्या होत्या.

धर्मा धावत आला. साहेबांकडे त्याने पाहिलंही नाही. सारंगांच्या खिडकीशी येऊन स्वतःचा गाल धरून उभा राहिला, एवढा बाप्या माणूस.

"सारंगा, चुकलो रं. उजवा मारला मी."

सारंगांनी खिडकीतून हात काढून त्याच्या गालावर ठेवला. "चुकलास म्हनून जिती हावत," ते म्हणाले.

परत पनवेलला निघताना साहेबांनी सीटवर पडलेलं दोरीचं टोक उचललं आणि मुकाट्याने आपल्या कमरेला बांधलं. गाठ त्यांना जमेना. सारंगांनी मारून दिली.

पनवेलच्या स्टँडवर साहेब उतरले, पाणी प्यायले आणि एकदम मोकळे झाले. "मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "तो ट्रकवाला मधोमध आला, ती चूक त्याची. तुम्ही काय शिताफीने बाजू काढलीत! दुसरा कुणी असता तर आपण आज खाडीत असतो. मी पास करतोय तुम्हाला."

हिराबायने मनातल्या मनात कुणाला तरी नारळ कबूल केला असावा, कारण तिचे ओठ हलत होते. आता एवढंच करायचं होतं की सारंगांनी गप्प बसायचं. त्यांनी हळूच छातीवरचा बिल्ला काढला, सदऱ्याला पुसला आणि साहेबांच्या पुढे धरला.

"हा ठेव तुज्याकडं."

"अहो, तुम्ही पास झालात!"

"तुज्या परीक्षेत झालो, सायेब. समोर धर्मा व्हता म्हनून. थांबायला त तू देनार नाय. उद्या दुसरा असंल, तो डावा घेईल, आनि मी उजवा." मग त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं, मला मैदानात सांगितलं होतं तसं. साहेबांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. बिल्ला घ्यायला त्यांचा हात पुढे होईना. शेवटी सारंगांनीच तो त्यांच्या खिशात सोडला.

मी रडले, उघडपणे रडले. ज्यांना सुकाणूवाचून आपण कोण हे माहीत नव्हतं, त्यांनी ते आपण होऊन सोडलं होतं. ना पाटी, ना शिपाई. साहेब उलट नको म्हणत होते.

टॅक्सी मात्र बंद पडली नाही. त्यांनी पनवेलचा एक चालक ठेवला, आणि स्वतः पुढे डाव्या सीटवर बसू लागले. घंटा त्यांच्याकडे, दोरीही त्यांच्याकडे. चालक बिचारा चांगला होता, समोरून ट्रक आला की डावी बाजू धरून नियमाप्रमाणे निघून जायचा.

पण मी मागच्या सीटवरून बघत असे. समोर ट्रक दिसला की डाव्या सीटवर सारंगांचे दोन्ही हात मांडीवरून उचलले जात आणि खांद्यापर्यंत वर होत. ट्रक निघून जाईपर्यंत तसेच राहत. एक दिवस मला राहवलं नाही.

"काका, आता तर सुकाणू तुमच्या हातात नाही. आता कशाला हात वर करता?"

"सुकानू गेला गो," ते समोर बघतच म्हणाले. "हात तर माजेच हायत."